यंत्रावाचून एस्प्रेसो

गेल्या अंकी या सदरात लोणच्याच्या बरणीस बुरशी का धरते, याचा आपण विचार केला. या खेपेचा विषय कॉफीचा आहे. तो मी हौसेने निवडलेला नाही. घरात घडलेल्या एका प्रसंगाने तो माझ्यापुढे आणून ठेवला आहे.

माझा भाचा महाविद्यालयात शिकतो. सुटीत तो दिल्लीस आमच्या बिऱ्हाडी आला होता आणि त्याच सुमारास माझी आईही गावाहून आली होती. "आजी, तुला एकदा खरी एस्प्रेसो पाजतो," असे टुमणे त्याने आल्या दिवसापासून लावले. आईने आयुष्यात जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीखेरीज दुसरी कॉफी घेतलेली नाही. ती म्हणाली, "पाज की. पण हॉटेलातली नको. दोनशे रुपयांत आपल्या घरी तीन दिवसांचं दूध येतं. करायची तर घरीच कर."

झाले! मुलाने मोबाइलवर कोणाची तरी चित्रफीत पाहिली. प्रेशर कुकरची शिटी काढून तिच्या जागी रबरी नळी बसवायची, नळीचे दुसरे टोक कॉफीची पूड ठासून भरलेल्या डबीत खोचायचे आणि वाफेच्या जोराने कॉफी खाली उतरवायची, अशी ती युक्ती होती. मी कचेरीत होतो. पूड इतकी ठासलेली होती, की वाफेला वाट मिळेना. तुंबलेली नळी सुटून उडाली आणि वाफेचा झोत ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या उजव्या हातावर आला. सुदैवाने चेहरा वाचला. परंतु मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली व दोन ठिकाणी फोड आले. आई सवयीप्रमाणे दंतमंजन मागू लागली. गडबड ऐकून वरच्या मजल्यावरच्या अम्मा खाली आल्या. त्या म्हैसूरकडच्या. त्यांनी काही न बोलता आईचा हात नळाच्या धारेखाली धरला आणि वीस मिनिटे तो हलू दिला नाही. हेच योग्य झाले, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा भाचा जेवला नव्हता. "मामा, माझ्यामुळे झालं," एवढेच तो म्हणाला. मी काही बोलणार तोच आई आतून म्हणाली, "त्याला रागावू नकोस. त्याला कुणी नीट सांगितलं नाही, एवढंच. तू मासिकात साऱ्या मुलखाला सांगत असतोस ना? मग आधी याला सांग."

सबब हा लेख.

शब्द आणि वस्तू

भाषांतराचे काम करणाऱ्याला कोणत्याही गोष्टीचा आरंभ शब्दापासून करण्याची खोड असते. 'एस्प्रेसो' हा शब्द इटालियन भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ 'दाबून बाहेर काढलेला' असा आहे. त्याच शब्दाला 'मागणी होताच, खास त्या माणसासाठी केलेला' अशीही एक छटा आहे, आणि त्वरेची छटा तर आहेच. आपल्याकडे पुष्कळ जण 'एक्स्प्रेसो' म्हणतात आणि त्याचा संबंध वेगवान आगगाडीशी लावतात. उच्चार सुधारण्याजोगा असला, तरी कल्पना अगदीच परकी नाही. मी 'पिळीव कॉफी' असा प्रतिशब्द सुचवून पाहिला होता. सहकाऱ्यांनी तो हसून परत केला.

शब्द कोणताही घ्या, वस्तू कोणती ते नीट समजले पाहिजे. एका लहान पेल्यासाठी सात ते नऊ ग्रॅम अतिशय बारीक दळलेली पूड घेतात. ती एका चाळणीत घट्ट बसवतात. ९० ते ९५ अंशांपर्यंत तापलेले पाणी वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने तिच्यातून २५ ते ३० सेकंदांत रेटतात. हाती येतो तो जेमतेम दोन-तीन घोटांचा दाट, काळसर अर्क, आणि त्यावर तपकिरी-सोनेरी साय. ही साय दुधाची नव्हे. भाजलेल्या बियांत कोंडलेला कर्बवायू दाबाखाली पाण्यात विरघळतो व बाहेर येताच त्याचे सूक्ष्म बुडबुडे होतात. बियांतील तेलाचे बारीक कणही अर्कात मिसळलेले असतात. या साऱ्याची मिळून ती साय होते.

आपल्याकडील लग्नकार्यांत पितळी यंत्राजवळ उभा असलेला माणूस 'एस्प्रेसो' म्हणून जे देतो, ते निराळे. तयार विरघळणारी कॉफी, साखर व दूध एकत्र करून त्यात वाफ सोडायची, फेस आला की वरून कोकोची चिमूट भुरभुरायची, अशी ती रीत. ते पेय गोड लागते आणि थंडीच्या रात्री मांडवात त्याची मजाही येते. पण त्यात वाफेचे काम दूध फेसाळण्याचे आहे, कॉफी काढण्याचे नव्हे. भाच्याची पहिली गल्लत येथेच झाली: वाफ दिसली म्हणजे एस्प्रेसो झाली, असे त्याला वाटले.

जुनीच चूक

त्याला मी सांगितले, की ही चूक त्याने एकट्याने केलेली नाही. मोठमोठ्या कारागिरांनी ती चाळीस-पन्नास वर्षे केली. इटलीतील तुरीन शहरच्या आंजेलो मोरियोंदो याने १८८४ साली वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा याने एकेका पेल्यापुरती कॉफी काढणारे यंत्र केले. पुढे ते हक्क देझिदेरियो पावोनी याने घेतले, आणि १९०६ च्या मिलान येथील प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. या यंत्रांत पाण्याला रेटण्याचे काम बंद भांड्यातील वाफच करी. त्यामुळे एक पेच पडे. दाब वाढवावा तर वाफ अधिक तापवावी लागे, आणि पाणी अधिक तापले की कॉफी करपट व कडवट होई. एवढे करूनही दाब वातावरणाच्या दीडपटीच्या आसपासच राही.

हा पेच मिलानच्याच आकिले गाज्जिया याने सोडवला. त्याने १९३८ साली पहिले पेटंट घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची तरफेची यंत्रे प्रचारात आली. त्याने पाणी तापवणे व पाणी रेटणे ही दोन कामे वेगळी केली. पाणी बेताचेच तापवायचे. दाब मात्र तरफेने ताणलेल्या स्प्रिंगच्या व दट्ट्याच्या जोराने द्यायचा. दाब एकदम कित्येक पटींनी वाढला आणि पेल्यावर ती सोनेरी साय प्रथमच दिसू लागली. १९६१ मध्ये फाएमा या कारखान्याच्या यंत्रात दट्ट्याच्या जागी विजेचा पंप आला. आजची उपाहारगृहांतील यंत्रे त्याच वंशातली आहेत.

आता कुकरकडे पाहू. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरण इतका दाब अधिक असतो, आणि आतली उष्णता १२० अंशांच्या घरात जाते. डाळ शिजण्यास हे उत्तम. कॉफीला मात्र याच्या नेमके उलट हवे: दाब फार, उष्णता बेताची. कुकर देतो उष्णता फार आणि दाब थोडा. म्हणजे नळी सुटली नसती, हात भाजला नसता आणि सारे सुरळीत पार पडले असते, तरीही एस्प्रेसो झालीच नसती. करपलेला काढा तेवढा मिळाला असता. हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आजीचा हात फुकटच भाजला." मी 'होय' म्हटले. खोटे सांगण्यात अर्थ नव्हता.

यास्तव पहिला नियम असा, की कुकरची शिटी काढून तेथे नळी, तार, डबी यांपैकी काहीही जोडू नये. शिटी व सुरक्षा-झडप यांच्या वाटा मोकळ्या राहाव्यात, अशीच त्या भांड्याची योजना असते. ती वाट अडली की पुढचे सारे नशिबावर.

दाबाच्या जागी काय?

यंत्र नाही, म्हणजे नऊपट दाब नाही, हे एकदा प्रांजळपणे मान्य केले की वाट सोपी होते. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे शेकडा ३० भाग पाण्यात उतरू शकतो. परंतु चवीस चांगला उतरतो तो शेकडा २० च्या आसपासचा. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट व पाणचट लागते, अधिक ओढला तर कडू व तुरट. दाबामुळे हे काम थोड्या पाण्यात आणि अर्ध्या मिनिटात होते. दाब नसेल तर त्याची भरपाई दोन गोष्टींनी करावयाची: एक वेळ आणि दुसरी प्रमाण. पाणी थोडे, पूड अधिक आणि जरूर तेवढा धीर.

अपेक्षाही आधीच ठरवून ठेवावी. खऱ्या एस्प्रेसोत शेकडा आठ ते दहा भाग कॉफीचा अंश असतो, तर साध्या गाळीव कॉफीत सव्वा ते दीड. पुढे दिलेल्या रीतींनी चार-पाचाच्या जवळपास जाता येते. म्हणजे सुमारे निमपट. चव दाट, कडक आणि जिभेवर रेंगाळणारी मिळते; ती साय मात्र मिळत नाही.

पहिली रीत: दक्षिणेचा फिल्टर

ही रीत अम्मांनी भाच्याला शिकवली. पितळेचा किंवा स्टीलचा दुमजली फिल्टर दक्षिणेतील घरोघरी असतो आणि आता बहुतेक मोठ्या गावांत मिळतो. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात २५ ग्रॅम, म्हणजे पोहे खाण्याच्या चमच्याने चार-पाच शिगोशीग चमचे, पूड घालावी. भांडे एकदा हलकेच आपटून पूड समतल करावी व छत्रीसारखी दांड्याची चकती वर ठेवून अलगद दाबावी. पाणी उकळले की आच बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी दोन चमचे पाणी गोल फिरवून घालावे. पूड फुगून वर येते. ताज्या कॉफीची ही खूण आहे. मग उरलेले पाणी घालावे. सारे मिळून १२० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान पेल्याएवढे, पाणी पुरे. झाकण ठेवावे आणि वीस मिनिटे तिकडे पाहू नये.

पुडीत तिच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी अडकून राहते. म्हणून खाली ७० मिलिलिटरच्या आसपास काढा उतरतो. दक्षिणेत त्यालाच डिकॉक्शन म्हणतात. तो तीन लहान पेल्यांस पुरतो. भाच्याने पहिल्या दिवशी झाकण चार वेळा उघडले आणि चकती दोनदा दाबली. अम्मा मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बेटा, कॉफी को भी अकेला छोड़ना पड़ता है।"

येथे चिकोरीविषयी दोन शब्द. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. त्यात कॅफीन नसते. ती काढ्याला गडद रंग, दाटपणा व किंचित गोडसर कडवटपणा देते, आणि पाणी धरून ठेवून काढा सावकाश उतरू देते. आपल्याकडील नियमानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी शेकडा ५१ भागांहून कमी असू नये, आणि प्रमाण पुडक्यावर छापलेले असते. ते वाचून घ्यावे. चिकोरीत वाईट असे काही नाही. तथापि एस्प्रेसोच्या जवळ जायचे असेल तर शुद्ध कॉफी, नाही तर फार तर शेकडा १० ते १५ भाग चिकोरी, एवढीच घ्यावी.

दुसरी रीत: मोका पात्र

इटलीतील घराघरांत मोठे यंत्र असते, असा आपला समज असतो. वस्तुतः तेथील घरांत कित्येक पिढ्या कॉफी होते ती मोका नावाच्या अष्टकोनी ॲल्युमिनियमच्या पात्रात. आल्फोन्सो बियालेत्ती याच्या कारखान्यात १९३३ साली हे पात्र तयार झाले. पुढे त्याचा मुलगा रेनातो याने ते जगभर नेले. रेनातो २०१६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या आकाराच्या मोका पात्रात ठेवून पुरल्या. आपल्या धंद्याशी इतकी निष्ठा क्वचितच दिसते.

खालच्या भांड्यात पाणी, मध्ये पुडीची चाळणी आणि वर कॉफी जमण्याचे भांडे, अशी याची रचना असते. पाणी तापले की त्यावरची कोंडलेली हवा व वाफ फुगते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. येथेही दाब वाफेचाच, आणि तोही थोडाच. परंतु त्यासाठीच हे पात्र घडवलेले असते व त्याला स्वतःची झडप असते. कुकरात आणि त्यात हाच भेद.

खालच्या भांड्यात आधीच तापवलेले पाणी झडपेच्या खालपर्यंत भरावे. गार पाण्याने आरंभ केल्यास पात्र आचेवर फार वेळ राहते आणि पूड करपते. चाळणी काठोकाठ भरावी, पण पूड दाबू मात्र नये. यंत्रातली पूड दाबतात म्हणून येथेही दाबावी, असे समजणे ही भाच्याच्या डबीचीच पुनरावृत्ती होय. दळण यंत्रासाठी असते त्याहून किंचित जाड, बारीक रव्याच्या जवळपासचे असावे. आच अगदी मंद ठेवावी. गॅसच्या शेगडीवर लहान पात्र डगमगते, म्हणून खाली जाळी ठेवावी. विद्युतचुंबकीय शेगडीवर ॲल्युमिनियमचे पात्र तापत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. वर गडद धार येऊ लागते, ती हळूहळू मधाच्या रंगाची होते आणि मग गुरगुर ऐकू येते. गुरगुर सुरू होताच पात्र उतरवून त्याचा तळ ओल्या फडक्यावर टेकवावा. शेवटचे पाणी ओढण्याचा लोभ धरल्यास सारी कॉफी कडू होते.

तिसरी रीत: दट्ट्याची नळी

एरोप्रेस नावाचे एक साधन २००५ साली अमेरिकेत ॲलन ॲडलर याने बाजारात आणले. मोठ्या पिचकारीसारखी एक नळी, तिच्या तळाला कागदी गाळणी आणि वरून दट्ट्या. पंधरा ग्रॅम बारीक पूड, ६० मिलिलिटर पाणी, एक मिनिट ढवळून ठेवणे, आणि मग अर्धा मिनिट दोन्ही हातांनी सावकाश दाबणे. हातांच्या जोराने नऊपट दाब येत नाही, हे उघडच आहे. तरी गाज्जियाची कल्पना, म्हणजे उष्णता वेगळी आणि दाब वेगळा, या साध्या नळीत पाहावयास मिळते. नळी मजबूत पेल्यावर, सपाट जागी ठेवून दाबावी. काचेचा पातळ पेला घेऊ नये.

चौथी रीत: काहीच नसेल तर

घरात यांपैकी काहीच नसेल, तरी अडत नाही. स्टीलच्या जाड पेल्यात २० ग्रॅम पूड व १०० मिलिलिटर नुकतेच उकळून थांबलेले पाणी घालावे. एकदा ढवळून बशीने झाकावे व चार मिनिटे ठेवावे. मग मलमलीचे दुपदरी फडके गरम पाण्यातून काढून त्यातून गाळावे. मूळ शब्दाचा अर्थ 'दाबून काढलेला' असला, तरी येथे फडके चक्क्यासारखे पिळू नये. गाळ उतरतो व कॉफी तुरट होते. आपल्या भाराने जेवढे गळेल तेवढे गळू द्यावे. हे फडके कॉफीसाठीच राखून ठेवावे आणि साबणाने धुऊ नये, एरवी साबणाचा वास पुढच्या पेल्यात येतो.

फेसाची हौस

सायीवाचून मन मानत नसेल, त्यांच्यासाठी एक घरगुती उपाय आहे, आणि तो इटलीतलाच आहे. मोका पात्रातून येणारे पहिले दाट थेंब दोन चमचे साखरेवर घ्यावे आणि चमच्याने जोराने फेटावे. साखर फुलून फिकट तपकिरी होते. त्यावर उरलेली कॉफी ओतली की ती वर तरंगते. इटलीत याला 'क्रेमिना' म्हणतात, तर क्यूबात 'एस्पुमिता'. आपल्या उत्तरेकडील घरांतली फेटलेली कॉफी हीच कल्पना विरघळणाऱ्या कॉफीवर चालवते. २०२० च्या टाळेबंदीत तोच प्रकार कोरियातील नाव घेऊन जगभर गाजला, तेव्हा आमच्या शेजारच्या पंजाबी काकू म्हणाल्या होत्या, की हे तर आम्ही लहानपणापासून पीत आहोत!

दूध घालावयाचे असेल तर सुटे दूध आधी उकळून घ्यावे आणि मग ६० ते ६५ अंशांवर, म्हणजे भांड्याला बोट क्षणभरच लावता येईल इतके, निवू द्यावे. फेस धरण्याचे काम दुधातील प्रथिने करतात, आणि उकळत्या दुधात तो टिकत नाही. अशा दुधात ताकाची लहान रवी मिनिटभर फिरवली की उत्तम फेस येतो. आईने डाव्या हाताने रवी धरून भाच्याला हे दाखवले. गरम दूध झाकणाच्या बाटलीत घालून हलवण्याची युक्तीही काही जण सांगतात. तीत झाकण उडण्याचे भय असते, म्हणून मी ती देत नाही.

पूड कोणती?

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या एस्प्रेसोचे आपल्याला इतके अप्रूप, तिच्या मिश्रणात पुष्कळदा आपल्याच देशातील बिया असतात. इटली हा भारतीय कॉफीचा फार मोठा खरेदीदार आहे. आपल्या पिकाचा बहुतांश भाग कर्नाटकात होतो. त्याखालोखाल केरळ व तामिळनाडू. आणि आंध्रातील अराकूसारख्या डोंगरी भागांतही लागवड आहे. यांतील रोबस्टा जातीची कॉफी दाटपणा व साय देते, म्हणून इटालियन मिश्रणांत तिला मान आहे. अरेबिका सुगंध व नाजूक आंबूस चव देते. बाबा बुदन या साधूने येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी सतराव्या शतकातली परंपरागत कथा आहे. तो डोंगर आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

तेव्हा परदेशी डब्यावर पैसे घालण्याचे कारण नाही. गावात कॉफी भाजून दळून देणारे दुकान असेल तर अर्धी अरेबिका व अर्धी रोबस्टा, फिल्टरसाठी देतात त्याहून किंचित बारीक, अशी पूड एका वेळी १०० ग्रॅमच घ्यावी. कॉफी भाजल्यानंतर चौथ्या दिवसापासून दोन-तीन आठवडे उत्तम असते. दळल्यावर मात्र तिचा सुगंध झपाट्याने उडतो. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि शेगडीपासून दूर ठेवावा. मिक्सरमध्ये दळायची तर थांबून थांबून दळावी, म्हणजे ती तापत नाही.

बेताने घ्यावी

कडक कॉफी लहान पेल्यातच घ्यावी. सुदृढ प्रौढ माणसाने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमहून, व गर्भवती स्त्रीने २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेऊ नये, असे तज्ज्ञांचे मत आहे. कडक काढ्याच्या एका लहान पेल्यात साधारणपणे ६० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन धरून चालावे. ज्यांना कोलेस्टेरॉलची तक्रार आहे त्यांनी कागदी गाळणीची रीत पसंत करावी. बियांतील जे तेलकट द्रव्य कोलेस्टेरॉल वाढवते, ते कागदात अडकते.

आणि एवढे करूनही हात भाजलाच तर? वाहते साधे पाणी, वीस मिनिटे. बांगडी, अंगठी लगेच काढावी. बर्फ, तूप, दंतमंजन, शाई यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैलसर झाकून डॉक्टरांकडे जावे. हा परिच्छेद कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला, तरी हा लेख सार्थकी लागला असे मी समजेन.

बारा दिवसांनी आईच्या हाताची पट्टी सुटली. त्या दिवशी भाच्याने अम्मांच्या फिल्टरमध्ये काढा केला. झाकण एकदाही उघडले नाही. आजीपुढे लहान पेला ठेवून तो बाजूला उभा राहिला. आईने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कडू आहे रे. पण जिभेवर राहते." मग तिने त्यात दोन चमचे गरम दूध घातले आणि जायफळ मागितले.

"आजी, इटलीत जायफळ नाही घालत," भाचा म्हणाला.

"मी कुठे इटलीत आहे?" आई म्हणाली, आणि उजव्या हाताने तिने जायफळ उगाळले.

आपल्या घरी कडक कॉफी कोणत्या रीतीने करतात, ते वाचकांनी अवश्य कळवावे. निवडक रीती पुढे याच सदरात देऊ.